दंडावरचा देवीचा वण: जुन्या लसीचं संरक्षण किती उरलं आहे आणि एमपॉक्सच्या वेळी ते कसं धरायचं

एमपॉक्सची, म्हणजे पूर्वी मंकीपॉक्स म्हणत त्या देवीच्या नात्यातल्या आजाराची, बातमी आली की घरातली पन्नाशीपुढची माणसं दंडावरचा वण दाखवतात. "आमच्या देवी काढलेल्या आहेत, आम्हाला काही होत नाही." या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. देवीच्या लसीनं मिळालेली प्रतिकारशक्ती दशकानुदशकं टिकते आणि देवीच्या जवळच्या विषाणूंनाही आवरते, हे पक्कं आहे. मात्र ती लागण पूर्ण थांबवेलच असं नाही. बऱ्याचदा ती आजार फक्त सौम्य करते, आणि सौम्य आजार नजरेतून सुटतो. म्हणून वण असलेल्या माणसाला नेमकं काय तपासायचं, कशावर भरवसा ठेवायचा आणि कशावर नाही, हे ठाऊक हवं.

आधी वण ओळखा

महाराष्ट्रात पन्नाशीपुढच्या अनेकांच्या दंडावर दोन वेगळ्या लसींचे वण असतात. एक देवीचा, दुसरा क्षयरोगाच्या बीसीजी लसीचा. एमपॉक्सच्या दृष्टीनं बीसीजीच्या वणाला काहीच अर्थ नाही आणि नेमकी तिथेच गल्लत होते. चाळिशीतली माणसंही दंडावरची खूण दाखवून "आम्हालाही दिलीय" म्हणतात. ती खूण बीसीजीची असते.

एक पट्टी आणि एक बॅटरी घ्या. दंड उघडा करून खिडकीजवळ बसा आणि बॅटरीचा झोत समोरून न टाकता बाजूनं, कातडीला जवळजवळ लागून टाका. समोरून प्रकाश पडला की वणाची खोली दिसत नाही, बाजूनं पडला की खळगे आणि कडा सावलीनं उठून दिसतात. आता पट्टीनं रुंदी मोजा.

बीसीजीचा वण डाव्या दंडावर, खांद्याच्या स्नायूच्या खालच्या टोकाशी असतो. तो बहुधा एक सेंटिमीटरपेक्षा लहान, गोल, एकच असतो. मधे किंचित उचललेला किंवा सुरकुतलेला दिसतो.

देवीचा वण सहसा मोठा, एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असतो. तो पसरट आणि आत दबलेला असतो. आतल्या कातडीवर बारीक टोचे किंवा खळगे दिसतात आणि कडेपासून बाहेर किरणांसारख्या रेषा गेलेल्या असतात. बाजू ठरलेली नसे: डावा दंड, उजवा दंड, दोन्हीही. साठच्या दशकाअखेरपर्यंत आपल्याकडे दंडावर लसीचा थेंब ठेवून, काटे असलेली गोल चकती त्यावर दाबून फिरवायची पद्धत सर्रास होती. त्या काळात देवी काढलेल्यांच्या दंडावर रुपयाएवढे मोठे वण, कधी दोन-चार ठिकाणी, सापडतात. पुढे दुभंगलेल्या टोकाची सुई आली. तिच्या टोकांमध्ये लसीचा एक इवलासा थेंब धरून, पाच मिलिमीटरच्या आत भराभर पंधरा वेळा टोचत. तिचा वण लहान आणि एकेरी असतो, त्यामुळे बीसीजीशी घोटाळा याच वणाचा जास्त होतो.

वणावरून निकाल लागत नसेल तर जन्मसाल बघा. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये बिहारात सापडला. १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचं आंतरराष्ट्रीय आयोगानं प्रमाणित केलं. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. आपल्याकडचं सरसकट लसीकरण सत्तरच्या दशकाअखेरीस बंद पडलं. त्यामुळे ढोबळ वर्गवारी अशी करता येते:

- १९७५ पूर्वी जन्म आणि मोठा, दबलेला वण: लस लागू पडली होती असं धरायला हरकत नाही.
- १९७५ ते १९८० मधला जन्म: निव्वळ सालावरून काही ठरवू नका. स्पष्ट वण नसेल तर लस नाही असंच धरा.
- १९८० नंतरचा जन्म: देवीची लस मिळालेली नाही. दंडावर काही असलं तरी ते बीसीजीचं. अपवाद फक्त संशोधन प्रयोगशाळेत किंवा परदेशी सैन्यात काम केलेल्यांचा.

"देवी काढल्या होत्या, पण वण नाही" असंही बरेच जण सांगतात. त्याचं बहुतेक वेळा खरं कारण म्हणजे लस लागलीच नव्हती. देवीची लस म्हणजे व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू. तो उष्णतेनं मरतो. बर्फाविना गावोगाव फिरणाऱ्या द्रवरूप लसीचा जोर उन्हाळ्यात निघून जाई. साठच्या दशकात गोठवून सुकवलेली लस आली तेव्हा हे दुखणं बरंच कमी झालं. ती लस बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक बेळगावात होती. टिळकवाडीतली तिची जागा आजही व्हॅक्सिन डेपो म्हणूनच ओळखली जाते. लस लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुटकुळी, सहाव्या-सातव्या दिवशी पाण्याचा फोड, आठव्या ते दहाव्या दिवशी पू आणि दोन-तीन आठवड्यांनी खपली पडून वण, असा क्रम असे. फोड आलाच नाही तर संरक्षणही आलं नाही. म्हणून देवीच्या बाबतीत वण हाच दाखला आहे.

जुने कागद असतील तर तेही पाहा. त्या काळी हजला, आखाती देशांत, आफ्रिकेत जाणाऱ्यांकडे लसीकरणाची आंतरराष्ट्रीय पुस्तिका असे. तिच्यात देवीच्या लसीची तारीख मिळते. दाखला तीन वर्षं वैध, असं त्यावर लिहिलेलं असलं तर गोंधळून जाऊ नका. ती मुदत सीमेवरच्या तपासणीसाठी होती, शरीरातल्या प्रतिकारशक्तीची नव्हे.

ज्यांना लहानपणी खुद्द देवीच आल्या होत्या, चेहऱ्यावर व्रण आहेत, त्यांना वेगळा वण शोधायची गरज नाही. त्यांच्या शरीरानं मूळ विषाणूच पाहिलेला आहे.

खासगी प्रयोगशाळेत "इम्युनिटी प्रोफाइल" करून घ्यावं का, असं हमखास विचारलं जातं. पैसे घालवू नका. त्यात मोजलेलं एकूण आयजीजी एमपॉक्सबद्दल काहीही सांगत नाही. शिवाय प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) कोणती पातळी असली की माणूस सुरक्षित, अशी सर्वमान्य रेषा आखलेलीच नाही.

वण आहे, मग संरक्षण किती?

लसीनंतर शरीरात तीन गोष्टी उरतात: रक्तात फिरणारी प्रतिपिंडं, गरज पडली की नवी प्रतिपिंडं भराभर तयार करणाऱ्या स्मृतिपेशी, आणि विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी. तिघांचं आयुष्य सारखं नाही, आणि "लस टिकते की नाही" या वादाचं मूळ इथेच आहे.

अमेरिकेत ऑरेगनमधल्या संशोधकांनी लस घेऊन २५ ते ७५ वर्षं झालेल्या लोकांचं रक्त तपासलं. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९० टक्क्यांहून अधिक लोकांत प्रतिपिंडं किंवा टी पेशी, किंवा दोन्ही, चांगल्या प्रमाणात शिल्लक होत्या. प्रतिपिंडांची पातळी दशकानुदशकं जवळपास स्थिर होती. टी पेशी मात्र दर ८ ते १५ वर्षांनी निम्म्या होत होत्या. हिशेब मांडून बघा: १० वर्षांनी निम्म्या धरल्या तर ५० वर्षांत पाच वेळा निम्म्या, म्हणजे मूळच्या बत्तिसाव्या हिश्श्यावर. विषाणू आत शिरताना त्याला अडवायचं काम बव्हंशी प्रतिपिंडांचं, म्हणून एवढ्या काळानंतरही लसीचा उपयोग दिसतो.

पण प्रयोगशाळेतलं रक्त एक आणि गावातली साथ दुसरी. एमपॉक्सपासून देवीची लस सुमारे ८५ टक्के संरक्षण देते, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो कुठून आला हे माहीत असेल तर तो नीट वापरता येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही गणराज्यात, रुग्णांच्या घरातल्या लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तुलना झाली. लस घेतलेल्यांना ती मिळून तोवर फार वर्षं झालेली नव्हती. त्यामुळे तो आकडा पन्नास वर्षांपूर्वी देवी काढलेल्या आजोबांना जसाच्या तसा लावता येत नाही. त्याच देशात २००५ ते २००७ मध्ये पुन्हा पाहणी झाली. लसीकरण थांबून तेव्हा पाव शतक उलटलं होतं, तरी लस घेतलेल्यांना एमपॉक्स होण्याचा धोका न घेतलेल्यांच्या सुमारे एक पंचमांशच होता. इतक्या काळानंतर हे खूपच आहे.

दुसरी बाजूही बघा. २००३ साली घानाहून आणलेल्या उंदरांमार्फत अमेरिकेतल्या पाळीव प्रेअरी डॉगना (खारीच्या जातीचे प्राणी) आणि त्यांच्यापासून माणसांना एमपॉक्स झाला. त्या रुग्णांमध्ये लहानपणी देवीची लस घेतलेले प्रौढही होते. २०२२ च्या साथीत स्पेनमधल्या १८१ रुग्णांच्या एका अभ्यासात १८ टक्क्यांनी देवीची लस घेतल्याचं सांगितलं. संपर्क अगदी निकटचा असेल, विषाणू नाजूक कातडीतून किंवा जखमेतून थेट आत जात असेल, तर जुनी भिंत ओलांडली जाते.

पुढची माणसं वण असूनही संरक्षित धरू नका: ज्यांचा सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा) आकडा २०० च्या खाली आहे असे एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, संधिवात किंवा सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं घेणारे, आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टिरॉइड चालू असलेले. सत्तरीपुढच्या, मधुमेह काबूत नसलेल्या माणसाच्या वणावरही फार भिस्त ठेवू नये.

कोणत्या विषाणूंना ही लस ओळखते

संरक्षण ज्या विषाणूंपुरतं आहे ते सगळे ऑर्थोपॉक्स या एकाच कुळातले: देवी, व्हॅक्सिनिया, गाईंचा काऊपॉक्स, एमपॉक्स, उंटांचा कॅमलपॉक्स, आणि आपल्या गोठ्यातला बफेलोपॉक्स. त्यांच्या पृष्ठभागावरची बरीच प्रथिनं इतकी सारखी आहेत की एकासाठी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटतात. हे विषाणू डीएनएचे, मोठे, सावकाश बदलणारे. म्हणूनच फ्लूची लस दरवर्षी बदलावी लागते आणि देवीची लस शतकभर तीच चालली. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला भारतातली पहिली लस टोचली गेली, तीही याच नात्याच्या जोरावर.

पशुपालकांना हे तत्त्व वेगळं समजावायला नको. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा राज्यभर गुरांना शेळ्यांच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची लस टोचली गेली, कारण लम्पी आणि गोट पॉक्स एका कुळातले. मात्र ते कूळ निराळं. लम्पी माणसाला होत नाही आणि आपल्या दंडावरच्या वणाचा तिच्याशी संबंध नाही.

कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू तर हर्पिस घराण्यातला. देवी काढलेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात आणि कांजिण्या होऊन गेलेल्याला एमपॉक्स. गोवर, हातपायतोंडाचा आजार, खरूज, मोलस्कम यांपासूनही हा वण वाचवत नाही.

संपर्क आला तर: २१ दिवसांचं पाळायचं काम

संपर्क म्हणजे बाधित माणसाच्या कातडीला किंवा फोडांना स्पर्श, शरीरसंबंध, त्याचं अंथरूण-टॉवेल-कपडे वापरणं, किंवा जवळ समोरासमोर बराच वेळ बसणं. रेल्वेच्या डब्यात कुणी पुरळवाला माणूस दूर दिसला, एवढ्यानं कुणी संपर्कातला होत नाही.

शेवटचा संपर्क आला तो दिवस शून्य धरा. दुसऱ्या दिवसापासून एक, असे २१ दिवस कॅलेंडरवर खुणा करा. मधे पुन्हा संपर्क आला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. वण असलेल्यांनाही पूर्ण २१ दिवस. लस घेतली होती म्हणून मुदत कमी होत नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरनं ताप मोजून लिहून ठेवा. तापाची गोळी घेतली असेल तर वेळ शेजारी टिपा, नाहीतर ताप दबून राहतो आणि वही चुकीचं सांगते. संध्याकाळी आंघोळीनंतर भरपूर उजेडात अंग तपासा. आरसा घेऊन तोंडाच्या आत, ओठांच्या आतून, जिभेखाली बघा. मग तळहात, बोटांच्या बेचक्या, तळपाय, जांघा, जननेंद्रियं, गुदद्वाराभोवतीचा भाग. मानेत, काखेत, जांघेत बोटांनी चाचपा. अवधाण आल्यासारखी दुखरी गाठ लागली तर ती महत्त्वाची खूण आहे. देवीच्या आजारात गाठी फारशा येत नसत, कांजिण्यांतही ठळक नसतात. एमपॉक्समध्ये त्या बरेचदा येतात.

लस घेतलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वात जास्त चुका इथे होतात. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं अंगभर पुरळ येईल अशी वाट पाहिली जाते. प्रत्यक्षात अर्धवट संरक्षण असलेल्याला एकच फोड येऊ शकतो, तोही जांघेत किंवा ओठाच्या कडेला, तापाशिवाय. तो केसतोड समजून फोडला जातो, वर मलम लावलं जातं, आणि माणूस नातवंडांना मांडीवर घेऊन बसतो. एमपॉक्सचा फोड टणक असतो, कातडीत खोल रुतलेला वाटतो, बऱ्याचदा त्याच्या मधोमध बेंबीसारखा खळगा असतो आणि दुखतोही बराच. कांजिण्यांचा फोड वरवरचा, दवबिंदूसारखा, खाज जास्त, आणि एकाच जागी नवे-जुने फोड मिसळलेले. तळहात-तळपायांवर कांजिण्या क्वचितच येतात. शंका आली की फोड फोडू नका, खरवडू नका, घासू नका. त्याच्यातला द्रव आणि वरचं कवच हेच तपासणीचं साहित्य आहे.

२१ दिवस लक्षणं नसली तरी रक्तदान, वीर्यदान, अवयवदान टाळायचं. लक्षणं नाहीत तोवर कामावर जायला हरकत नाही, पण गरोदर बाई, तान्हं बाळ आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस यांच्याशी अंगाला अंग लागेल असा सहवास टाळावा.

तपासणी कशी होते आणि कुठे फसते

लक्षण दिसलं की घरीच वेगळं व्हा आणि आधी फोन करा: जवळचं सरकारी रुग्णालय, जिल्हा सर्वेक्षण अधिकारी किंवा १०४ हेल्पलाइन. मुंबईत साथीच्या रोगांचं कस्तुरबा रुग्णालय आहे. थेट बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत जाऊन बसू नका. जाताना मास्क, पूर्ण बाह्या आणि फोड झाकलेले असावेत.

नमुना फोडाचाच घेतात. वेगवेगळ्या जागच्या फोडांवर स्वॅब जोरानं फिरवतात किंवा खपली घेतात, थंड ठेवून पाठवतात आणि पीसीआर करतात. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या कामातली देशातली प्रमुख प्रयोगशाळा आहे. स्वॅब हलक्या हातानं फिरवला तर पुरेशा पेशी येत नाहीत आणि निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो. फोड ठसठशीत असून निकाल नकारात्मक असेल तर पुन्हा नमुना घ्यायला सांगावं.

रक्तातली प्रतिपिंडं मोजून निदान करू नये, आणि देवी काढलेल्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्यांच्या रक्तात या कुळाविरुद्धची प्रतिपिंडं जुन्या लसीमुळे आधीच असू शकतात. चाचणी "पॉझिटिव्ह" येईल आणि ती आजची लागण आहे की पन्नास वर्षांपूर्वीची लस, हे कळणार नाही. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: देवीची लस घेतली आहे, अंदाजे अमुक साली, वण इथे आहे.

घरात रुग्ण असेल तर सेवा कुणी करायची

वणाचा घरात खरा उपयोग इथे होतो. रुग्णाची सेवा एकाच माणसानं करावी, आणि निवड करायची वेळ आली तर ठळक वण असलेला, धडधाकट, साठीच्या आतबाहेरचा माणूस हा १९८० नंतर जन्मलेल्यापेक्षा बरा. त्यातही बाधा झाली तर ज्यांना धोका जास्त, अशी लहान मुलं आणि गरोदर बाई यांना खोलीपासून दूरच ठेवावं. सेवा करणाऱ्यानं मात्र वण नसल्यासारखंच वागायचं: मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा कपडा, आणि मोजे काढल्यावर साबणानं हात.

शेवटची खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत रुग्णानं वेगळं राहायचं. त्याला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. खपल्यांतही विषाणू असतो, म्हणून ताप गेला की सुटका, असं नाही.

चादर झटकायची नाही. आपल्याकडे सकाळी अंथरूण झटकून घडी करायची सवय इतकी हातात बसलेली आहे की हे रोज आठवण करून द्यावं लागतं. झटकल्यानं खपल्यांचा भुगा उडतो. चादर आतल्या बाजूला गुंडाळत न्यायची, थेट बादलीत किंवा मशीनमध्ये टाकायची, ६० अंश किंवा जास्त गरम पाणी आणि डिटर्जंट वापरायचं. कोरडा झाडूही नको, ओलं फडकं.

फरशी, दाराच्या कड्या, कमोड यांसाठी ब्लीचिंग पावडरचं ०.५ टक्के द्रावण: ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर १५ ग्रॅम, पाणी एक लिटर. घरच्या काट्यावर तोला, प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी वापरा. दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा, मग साध्या पाण्यानं पुसा. महिनोन्‌महिने उघडी पडलेली पावडर उपयोगाची नाही. तिला झणझणीत वास येत नसेल तर क्लोरीन उडून गेला आहे. द्रावण रोज नवं करा आणि त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

डोळ्यात किंवा पापणीवर फोड, धाप, गिळता न येणं, लघवी अडकणं, गुंगी, यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नका.

गोठ्यातला नातलग: बफेलोपॉक्स

महाराष्ट्रात हे जुनं संरक्षण सर्वात जास्त कामी येतं ते बहुधा धार काढणाऱ्यांच्या. बफेलोपॉक्सचा विषाणू म्हणजे व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार. सोलापूर, कोल्हापूर, धुळे या जिल्ह्यांत म्हशींमध्ये आणि त्यांच्या धारा काढणाऱ्यांमध्ये या आजाराच्या नोंदी झालेल्या आहेत. म्हशीच्या सडांवर, कासेवर फोड येतात, खपल्या धरतात, म्हैस लाथ मारते, दूध कमी होतं, पुढे दगडी (काससुजी) होते. माणसाला बोटांवर, तळहातावर, कधी कपाळावर मोठे दुखरे फोड, ताप आणि काखेत अवधाण. देवी काढलेल्या म्हाताऱ्या गवळ्याकडे जुनी प्रतिपिंडं असतात, त्याच्या नातवाकडे नसतात.

बाधित जनावराची धार सर्वात शेवटी काढा. हातावर चीर, नख उपटलेलं किंवा भेग असेल त्यानं धार काढूच नये. रबरी हातमोजे घाला. सड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवा: एक ग्रॅम, एक लिटर पाण्यात. त्याहून गडद पाणी जखमेला भाजतं. पारडू त्या सडांना लावू नका. दूध उकळल्याशिवाय वापरू नका. पशुवैद्यकाला लगेच बोलवा, कारण सडांवर असेच दिसणारे फोड स्यूडोकाऊपॉक्समुळेही येतात. तो निराळ्या कुळातला असल्यानं तिथे देवीच्या वणाचा काही आधार नाही.

नवी लस कुणी घ्यायची

आज एमपॉक्ससाठी सर्वात जास्त वापरली जाणारी लस एमव्हीए-बीएन आहे. ती व्हॅक्सिनियापासूनच बनवलेली असली तरी माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही, म्हणून तिचा फोड येत नाही, वणही राहत नाही, आणि एचआयव्हीबाधितांनाही देता येते. दोन डोस, २८ दिवसांच्या अंतरानं, प्रत्येकी ०.५ मिलिलिटर, कातडीखाली. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी तिची मोहीम नाही. तुम्ही युरोप-अमेरिकेत राहत असाल, नवे किंवा अनेक लैंगिक जोडीदार असतील, ऑर्थोपॉक्सच्या प्रयोगशाळेत काम असेल, किंवा साथ असलेल्या भागात रुग्णसेवेला जात असाल, तर हा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

देवीचा वण असला तरी जोखीम असलेल्यांनी ही लस घ्यावी. मात्र डोसबद्दल देशोदेशी फरक आहे. युरोपातल्या माहितीपत्रकाप्रमाणे पूर्वी देवीची लस घेतलेल्या निरोगी माणसाला एक डोस पुरेसा धरता येतो आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर दोन. अमेरिकेत जुनी लस घेतलेली असली तरी दोनच देतात. म्हणून लस टोचणाऱ्याला वण दाखवा आणि त्या देशाचा नियम विचारा.

संपर्क आल्यानंतरही ही लस उपयोगी पडते, पण वेळ महत्त्वाची: शक्यतो चार दिवसांच्या आत. चार ते चौदा दिवसांत दिली तर आजार रोखला नाही तरी सौम्य होऊ शकतो. लस घेतली म्हणून २१ दिवसांची वही बंद करायची नाही. दुसऱ्या डोसची तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस जमेल तितक्या लवकर घ्यायचा.